खोलीभर माणसं आणि एक अशक्य गोष्ट: कमी खर्चातला संवादप्रधान विज्ञानपट कसा करावा

जेरोम बिक्सबी या अमेरिकी विज्ञानकथालेखकाने १९९८ साली, अगदी शेवटच्या दिवसांत, अंथरुणावरून आपल्या मुलाला सांगून एक पटकथा पूर्ण केली. तिच्यावरून रिचर्ड शेंकमन यांनी 'द मॅन फ्रॉम अर्थ' केला. तो २००७ मध्ये आला आणि खर्च साधारण दोन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या हिशोबाने किरकोळच. गोष्ट एवढीच: एक प्राध्यापक नोकरी सोडून चालला आहे, सहकारी निरोप द्यायला त्याच्या घरी जमले आहेत आणि तो सांगतो, मी चौदा हजार वर्षं जगतोय. यान नाही, गुहेतले प्रसंग नाहीत. जवळजवळ सगळा सिनेमा एका घरात, बोलण्यातच घडतो. तरी बघणारा जागचा हलत नाही.

ज्यांच्याकडे बरासा फोन, ओळखीच्या कुणाचं रिकामं घर, चार-पाच नाटकवाले मित्र आणि थोडेफार पैसे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिल्याच प्रयत्नात दीड तासाचा सिनेमा करू नका. वीस ते तीस मिनिटांची फिल्म धरून चला. एकांकिका बघत वाढलेल्या आपल्या मंडळींना एका जागी घडणारं नाट्य नवं नाही. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' एका सभागृहातल्या लुटुपुटुच्या खटल्यावर उभं आहे. तेव्हा निम्मी तयारी आपल्या अंगात आहेच. उरलेली निम्मी कुठे करायची ते पाहू.

पायरी १: एकच अशक्य गोष्ट निवडा

एकच. काळप्रवासही आणि परग्रहवासीही, असं नको. प्रेक्षक एक अशक्य गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करतो, दुसरी आली की त्याचा विश्वास उडतो. बाकी सगळं रोजच्या जगातलं ठेवा: चहा, वीजबिल, गुडघेदुखी.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. ही गोष्ट त्या खोलीत बसून ना सिद्ध करता यावी, ना खोटी पाडता यावी. 'मी भिंतीतून आरपार जातो' हा दावा कुचकामी आहे, कारण कुणीतरी म्हणेल, मग जाऊन दाखव. चौदा हजार वर्षं जगलेल्या माणसाला असं काय दाखवता येईल? त्याने जे सांगितलं ते पुस्तकात वाचूनही सांगता येतं. त्या सिनेमाचं सगळं बळ या कोंडीत आहे.

पुढे समजावून सांगताना हाताशी असावी म्हणून एक कल्पना मांडतो. आप्पा हवामान वेधशाळेतून निवृत्त झालेले निरीक्षक. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला तापमान, आर्द्रता घेणं, सकाळी आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजणं, यात आयुष्य गेलं. आज त्यांनी घरच्यांना आणि दोघा-तिघांना बोलावलंय आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवलाय. म्हणतात, रोज रात्री मी दुसऱ्या दिवशीचे आकडे आधीच लिहून ठेवत आलो. आज रात्री लिहायला बसलो, तर काहीच येत नाही. उद्याची ओळ कोरी आहे.

यात काहीही 'दाखवावं' लागत नाही. एक वही पुरते.

पायरी २: ऐकणारी माणसं नीट निवडा

नवखे लोक सगळी शक्ती दावा करणाऱ्या पात्रावर खर्च करतात. त्याची लांबलचक स्वगतं लिहितात. माझं ठाम मत आहे की हा सिनेमा ऐकणाऱ्यांचा असतो. प्रेक्षक स्वतः ऐकणाराच आहे. त्याच्या मनात आलेला प्रश्न पुढच्याच वाक्यात कुणीतरी विचारला, की तो त्या खोलीत येऊन बसतो.

'द मॅन फ्रॉम अर्थ'मधली माणसं आठवा. एक जीवशास्त्रज्ञ, एक मानववंशशास्त्रज्ञ, एक पुरातत्त्वज्ञ, कलेचा इतिहास शिकवणाऱ्या श्रद्धाळू ख्रिश्चन बाई, पुढे येणारे मानसोपचारतज्ज्ञ. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या विषयातून येतो. जीवशास्त्रज्ञ पेशींचं विचारतो, पुरातत्त्वज्ञाला पुरावा हवा असतो, मानसोपचारतज्ज्ञाला माणूस भ्रमिष्ट आहे का याची शंका असते. आणि दावा हळूहळू सरकत त्या बाईंच्या श्रद्धेला जाऊन भिडतो, तेव्हा कुतूहलाची जागा दुखावलेपण घेतं.

आपल्या आप्पांसमोर कोण बसेल? मुलगी, जी ऑडिट करते, म्हणजे मागाहून केलेली नोंद पकडणं हा तिचा रोजचा धंदा. त्यांच्याच वेधशाळेतला जुना सहकारी. शेजारचे डॉक्टर, ज्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते पण ते तोंडावर बोलत नाहीत. आणि आप्पांची बायको, जिने त्यांना रोज रात्री लिहिताना पाहिलंय आणि कधीच काही विचारलं नाही. मला विचाराल तर सगळ्यात स्फोटक पात्र हीच आहे.

कागदावर प्रत्येक पात्रापुढे तीन गोष्टी लिहा: याला काय माहीत आहे, दावा खरा निघाला तर याचं काय जाईल, खोटा निघाला तर काय जाईल. ज्या पात्राचं दोन्हीकडे काहीच जात नाही, ते काढून टाका. चार ते सहा माणसं पुरेत. सहाच्या वर गेलात की कोण कुठे बघतंय हे सांभाळण्यातच चित्रीकरण संपतं.

पायरी ३: प्रत्येक उत्तराने दोन दारं उघडली पाहिजेत

संवाद लिहिताना मोठा धोका व्याख्यानाचा. एक विचारतो, दुसरा माहिती देतो, पुन्हा विचारतो, पुन्हा माहिती. हे दोन पानांत कंटाळवाणं होतं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक मोठ्या उत्तराने शंका आणि विश्वास दोन्ही एकदम वाढवावेत. सहकाऱ्याचा एक प्रसंग पाहा.

सहकारी : अठरा तारखेला ड्यूटी माझी होती. मोजपात्र वाचताना चुकलो मी. पाऊस सेहेचाळीस मिलिमीटर, रजिस्टरला गेला चौसष्ट. आजवर कुणाला बोललो नाही.

मुलगी : (वही उघडून) चौसष्ट.

सहकारी : झालं तर मग. रजिस्टरवरून मागाहून उतरवलंस तू.

आप्पा : मला पाऊस कुठे दिसायचा रे. तू काय लिहिणार ते दिसायचं.

सहकाऱ्याने लावलेला सापळा नेमका बसला, लबाडी पकडली गेली असं वाटतं. पुढच्याच वाक्याला दावा आणखी विचित्र आणि आणखी पटण्यासारखा होतो. शिवाय सहकाऱ्याची वर्षानुवर्षांची चूक सगळ्यांसमोर उघडी पडली. प्रश्न विचारणाऱ्यालाही किंमत मोजावी लागली. असे चार-पाच प्रसंग जमले की पटकथेचा कणा तयार.

प्रश्नांचा चढ असा ठेवा: आधी थट्टा, मग कुतूहल, मग उलटतपासणी, मग राग, मग भीती. अधेमधे कुणाला तरी उठून स्वयंपाकघरात जाऊ द्या. तिथे दोघांचं दबक्या आवाजातलं बोलणं होऊ द्या. पाठीमागे माणसं जे बोलतात त्यातून प्रेक्षकाला कळतं की कोण खरंच हललंय.

विज्ञान तपासून घ्या. वेधशाळेवर लिहीत असाल तर तिथे काम केलेल्या माणसाशी तासभर बोला. ओले आणि कोरडे तापमापक एका झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतात, या दोन्हींच्या फरकावरून आर्द्रता काढतात, असे तपशील पात्राच्या तोंडी सहज आले की अशक्य गोष्टही खरी वाटू लागते. प्रत्येकाची भाषा त्याच्या कामासारखी असू द्या. ऑडिटवाली मुलगी आणि वेधशाळेतला सहकारी एकसारखं बोलत असतील तर लिखाण कच्चं आहे.

लिहून झालं की सगळ्यांनी बसून मोठ्याने वाचा आणि वेळ लावा. पटकथेच्या नेहमीच्या मांडणीत एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट धरतात, पण गप्पांच्या पटकथेत हा हिशोब फसतो. वाचन घड्याळ लावून केलेलंच खरं.

पायरी ४: जागा कानांनी निवडा

घर बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग नंतर बघा. आधी मधोमध उभे राहा, डोळे मिटा आणि दोन मिनिटं ऐका. फ्रिज, पाण्याची मोटर, लिफ्ट, खालची शाळा, कोपऱ्यावरच्या बसचा हॉर्न, देवळातली आरती. ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जाऊन ऐका. दुपारी शांत वाटणारी गल्ली संध्याकाळी सातला वेगळीच असते.

मोकळ्या फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतींवर गोधड्या टांगा, खाली सतरंज्या अंथरा. फरक पहिल्या टेकला ऐकू येईल. पंखा बंद ठेवावा लागेल, म्हणून मे महिना टाळा. फ्रिज बंद केलात तर गाडीच्या चाव्या त्याच्या आत ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. ही युक्ती सगळ्या युनिट्समध्ये चालते.

गोष्ट रात्री घडते असं ठेवा. सलग काळात घडणाऱ्या गोष्टीत खिडकीतला उजेड दर तासाला बदलला की जोडकाम दिसतं. खिडक्या काळ्या कापडाने झाकल्या की दिवसाही रात्र शूट करता येते.

जागा एक असली तरी तिचे भाग पाडा. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, जिना. 'द मॅन फ्रॉम अर्थ'मध्ये सामान न्यायला माणसं येतात, फर्निचर जातं आणि खोली मोकळी होत जाते. पैसे न घालता दृश्य बदललं, आणि माणसं हळूहळू आधाराशिवाय उरली. अशी एखादी कल्पना शोधा. आप्पांच्या घरी वीज गेली तर? फक्त इमर्जन्सी लाइट, आणि वह्या वाचायला सगळ्यांना जवळ सरकावं लागतंय.

पायरी ५: नट आणि तालमी

एकांकिका केलेले नट घ्या. पाठांतर असतं, तालमीची सवय असते, एकमेकांना सांभाळून घेतात. एक गोष्ट मात्र मोडावी लागते: शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज. माइक हातभर अंतरावर आहे, हे त्यांना तालमीतच रेकॉर्ड करून ऐकवा. सांगून पटत नाही, ऐकून लगेच पटतं.

आठवडाभर तालीम करा, जमल्यास त्याच घरात. हा वेळ फुकट मिळतो. शूटचा प्रत्येक तास पैशांत मोजला जातो.

संवाद न लिहिता करावं का, असं बरेच जण विचारतात, आणि 'कोहिअरन्स' या सिनेमाचं उदाहरण देतात. जेम्स वॉर्ड बर्किट यांनी तो आपल्याच घरात पाच रात्रींत शूट केला, नटांना पूर्ण पटकथा न देता प्रत्येकाला स्वतःपुरत्या चिठ्ठ्या दिल्या. सिनेमा अप्रतिम आहे. पण नट काहीही बोलले तरी गोष्ट कुठे जायला हवी हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक होतं. नवख्याने लिहिलेल्या संवादांवरच करावं. फार तर एक करा: एखादी गोष्ट एकाच नटाला सांगा. सहकाऱ्याची चूक मुलीचं काम करणारीला तालमीत कळूच देऊ नका, शूटच्या दिवशी पहिल्यांदा ऐकू दे. तो पहिला टेक सांभाळून ठेवा.

पायरी ६: आवाज

गप्पांच्या सिनेमात चित्र थोडं कच्चं चालतं, आवाज कच्चा अजिबात चालत नाही. हातात दहा रुपये असतील तर चार आवाजावर घाला. माइक भाड्याने मिळतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाजासाठी वेगळा, त्याच कामाला बसलेला माणूस हवा. कॅमेरावाल्याने जाताजाता आवाज बघू नये.

एक माइक काठीवर, बोलणाऱ्याच्या डोक्यावर, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत खाली. शिवाय प्रत्येकाच्या कपड्यात कॉलर माइक. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, बोलण्याची टोकं त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे कुणी ओरडलं तरी आवाज फाटत नाही.

आता कपडे. कांजी केलेला सुती कुर्ता, नवी कोरी सिल्कची साडी, काचेच्या बांगड्या, माइकवर आपटणारं मंगळसूत्र: हे सगळं वेशभूषा ठरवतानाच कानाला लावून बघा. धुवून मऊ झालेले कपडे उत्तम. कपबशीखाली कापडाचा तुकडा ठेवा आणि नटांना सांगा, कुणी बोलत असताना कप ठेवायचा नाही.

प्रत्येक ठिकाणी शेवटी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात दोन वाक्यांमधली भोकं भरायला ती लागते. थकलेल्या युनिटला हे मिनिट फार जड जातं, तरी सोडू नका.

पायरी ७: कॅमेरा

'द मॅन फ्रॉम अर्थ' पॅनासॉनिकच्या मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या टेपवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांवर शूट झाला. आजचा मध्यम दर्जाचा फोन त्याहून स्वच्छ चित्र देतो. तेव्हा कॅमेऱ्यासाठी थांबून राहू नका.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. नाहीतर ट्यूब आणि स्वस्त एलईडी फडफडताना दिसतात. फोनच्या साध्या कॅमेरा ॲपमध्ये हे जमत नसेल तर हाताने सेटिंग करता येणारं ॲप घ्या. फोकस, उजेड आणि रंग लॉक करा. माणूस हलला की चित्र आपोआप उजळ-काळं होणं, हे हौशीपणाचं पहिलं लक्षण.

दोन कॅमेरे असतील तर एक बोलणाऱ्यावर, दुसरा कायम ऐकणाऱ्यावर. एकच असेल तर प्रसंग पुन्हा पूर्ण खेळवा आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे वेगळे घ्या. हे शॉट वेळ कमी पडला की पहिले कापले जातात, आणि संपादनाला बसल्यावर त्यांचीच टंचाई भासते. आप्पा बोलत असताना बायको कुठे बघते, हे तुमच्याकडे नसेल तर गोष्टच नाही.

बसण्याची जागा कागदावर काढा. दोन मुख्य माणसांमध्ये एक काल्पनिक रेघ मारा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर समोरासमोर बसलेली माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतील. कुणी जागा बदलली की रेघ नव्याने काढा.

एकाच जागेचा मोठा फायदा असा की गोष्टीच्या क्रमाने शूट करता येतं. नटांचा थकवा, बसलेला आवाज, चुरगळलेले कपडे आपोआप खरे होतात. भिंतीवरचं घड्याळ मात्र काढून ठेवा. चहाची पातळी, उघडं पान, चष्मा डोळ्यावर की हातात, याचे प्रत्येक शॉटनंतर फोटो काढायला एक माणूस नेमा. वहीच्या महत्त्वाच्या पानाच्या तीन-चार हुबेहूब प्रती आधीच करून ठेवा. त्यावर चहा सांडणारच आहे.

'प्रायमर' हा विज्ञानपट करणाऱ्या शेन कॅरुथ यांचा खर्च सुमारे सात हजार डॉलर होता. लेखन, दिग्दर्शन, संगीत, संपादन, मुख्य भूमिका, सगळं स्वतः. २००४ साली त्या सिनेमाला सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. हे वाचून उत्साह यावा, पण सगळं एकट्याने करायचा हट्ट धरू नका. आवाज आणि संपादनासाठी दुसरी माणसं घ्या. स्वतःच्या वाक्यांवर कात्री चालवणं लेखकाला जमत नाही.

पायरी ८: संपादन आधी कानांनी

पहिलं जोडकाम चित्र न बघता करा. फक्त आवाज लावा, नभोनाट्य ऐकतोय असं समजून ऐका आणि जिथे लक्ष उडतं तिथे कापा. हे पक्कं झालं की चित्र लावा. बोलणाऱ्याचं वाक्य चालू असतानाच ऐकणाऱ्यावर जा. दर वाक्याला बोलणाऱ्याचं तोंड दाखवलं की बातम्यांतल्या चर्चेचा कार्यक्रम होतो.

संगीत कमी ठेवा. बीथोव्हनची रचना वापरायला परवानगी लागत नाही, पण कुणा वाद्यवृंदाने वाजवलेल्या रेकॉर्डिंगवर हक्क असू शकतात. ओळखीच्या वादकाकडून वाजवून घेतलेलं बरं, तेही लेखी संमती घेऊन. छापील कथेवरून फिल्म करणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी शूटच्या आधीच हवी.

मग तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच-सहा जणांना दाखवा. 'आवडलं का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. विचारा: फोनकडे हात कधी गेला, आणि आप्पा खरं बोलत होते का? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर पुन्हा संपादनाला बसा. ते आपसात वाद घालू लागले आणि तुम्हाला विसरले, तर मराठी उपशीर्षकं करा, इंग्रजी करा आणि महोत्सवांना पाठवायला घ्या. थिएटरात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. तो अर्ज वेळखाऊ आहे, म्हणून तारीख जाहीर करण्याआधी करा.